रोजच्या खिशातला पारंपरिक घडीचा चाकू: तुमचा कोणता आणि तोच का?

घडीपाते (प्रश्न)

नमस्कार. रोज सोबत बाळगण्याच्या वस्तूंमध्ये आतापर्यंत माझ्याकडे एका हाताने उघडणारा, कुलूप असलेला आणि खिशाच्या काठाला क्लिपने अडकणारा आधुनिक चाकू होता. त्याच्याबद्दल तक्रार अशी काही नाही. परंतु लिफाफा उघडणे, खोक्यावरची चिकटपट्टी कापणे, सुतळी तोडणे, पेन्सिलीला टोक काढणे आणि एखादे फळ चिरणे यांपलीकडे माझ्या दिवसात चाकूला काम नसते, आणि एवढ्यासाठी तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचे पाते वागवणे मला दिवसेंदिवस अनावश्यक वाटू लागले आहे. शिवाय चारचौघांत तो उघडला की खटकन होणाऱ्या आवाजाने माणसे दचकतात, ही आणखी वेगळी गोष्ट.

म्हणून पारंपरिक घडीच्या चाकूकडे वळण्याचा विचार आहे. मात्र वाचायला सुरुवात केल्यावर नमुन्यांच्या नावांनीच गोंधळ उडाला. बार्लो, ट्रॅपर, स्टॉकमन, पीनट, काँग्रेस, कनू, सोडबस्टर, ही यादी संपतच नाही. येथे अनेक जण असे चाकू दीर्घकाळ वापरत आहेत, म्हणून विचारतो. तुमच्या खिशात सध्या कोणता चाकू आहे, आणि इतर अनेक हाताशी असताना तोच का टिकला? पाते एकच असावे की दोन-तीन असण्याला खरोखर अर्थ आहे? कार्बन पोलादाचे कौतुक सगळीकडे दिसते, ते वापरातून आलेले आहे की केवळ जुन्याच्या प्रेमातून? संग्रह पाहायला आवडेलच, पण मला मुख्यतः वापराबद्दल ऐकायचे आहे.

तीनपाती

माझ्या टोपणनावावरून उत्तर कळलेच असेल. माझ्या खिशात मध्यम आकाराचा स्टॉकमन असतो, ‘केस’ (Case) या अमेरिकन कंपनीचा, नमुना क्रमांक ६३१८. या कंपनीच्या क्रमांकातला पहिला अंक मुठीचे साहित्य सांगतो, दुसरा पात्यांची संख्या आणि उरलेले अंक नमुना. त्यामुळे ६ म्हणजे खाचा पाडलेले हाड, ३ म्हणजे तीन पाती आणि १८ हा त्या आकाराचा नमुना, असे पेटीवरूनच वाचता येते. मिटलेल्या अवस्थेत हा चाकू साधारण ९.२ सेंटिमीटर भरतो.

हा नमुना अमेरिकेतल्या गुराख्यांसाठी घडला, आणि तीन पात्यांमागे तिथलीच गरज आहे. मुख्य पाते क्लिप, म्हणजे टोकाकडे पाठ खाली उतरत गेलेले आणि निमुळत्या टोकाचे. दुसरे शीपफूट, ज्याची धार सरळ असते आणि पाठ वळून धारेला मिळते. तिसरे स्पे, बोथट टोकाचे, जे जनावरांचे खच्चीकरण करताना टोक नको तेथे रुतू नये म्हणून तसे ठेवले गेले. आज आपल्यापैकी जवळजवळ कोणालाच ते काम करायचे नसते. परंतु बोथट टोक आणि पोटाकडे वळलेली धार लिफाफे उघडायला आणि पॅकिंगच्या आत काय आहे हे माहीत नसताना वरचे प्लास्टिक कापायला इतकी सोयीची पडते की मी ते पाते त्यासाठीच राखले आहे. शीपफूट सरळ धारेमुळे खोक्यांसाठी आणि पेन्सिलींसाठी, तर क्लिप खाण्याच्या वस्तूंसाठी. घाणेरडे काम एका पात्याने आणि स्वच्छ काम दुसऱ्याने, हा मला अधिक पात्यांचा खरा फायदा वाटतो. एक पाते बोथट झाले तरी दुसरे तयार असते, हा फायदा लोक आधी सांगतात, पण धार नियमित लावणाऱ्याला त्याचे फारसे महत्त्व नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. तीन पाती आणि त्यांच्या स्प्रिंगा एका अरुंद मुठीत बसवायच्या म्हणजे पाती एकमेकांना घासू नयेत यासाठी कारागिराला ती मुळाशी किंचित वाकवावी लागतात. उघडलेले पाते मुठीच्या रेषेत तंतोतंत मध्यभागी दिसत नाही, ते त्यामुळेच. त्यात दोष काही नाही. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी एका पात्याचाच चाकू घ्यावा.

एकपाते

तीनपाती यांच्याशी माझे जुने भांडण आहे, ते येथेही चालू ठेवतो. खिशात राहणाऱ्या चाकूचा पहिला गुण त्याचा पातळपणा आहे. पोलाद, मूठ, नाव ही सगळी नंतरची चर्चा. तीन पात्यांचा चाकू खिशात सतत जाणवत राहतो, आणि जी वस्तू सतत जाणवते ती माणूस काही दिवसांनी टेबलाच्या खणात ठेवून देतो.

माझ्याकडे आलटून पालटून तीन चाकू असतात आणि तिन्ही एका पात्याचे आहेत. पहिला ओपिनेल क्रमांक ८. जोसेफ ओपिनेल यांनी फ्रान्सच्या साव्वा (Savoie) प्रांतात १८९० मध्ये ही रचना केली, आणि तिच्यात आजवर मोठा म्हणावा असा बदल एकच झाला, तो म्हणजे १९५५ मध्ये आलेले, मुठीच्या तोंडाशी फिरणारे कडे, जे पाते उघडे असताना जागेवर धरून ठेवते. लाकडाची गोल मूठ, तिला पाडलेली एक चीर, एक खिळा, दोन कडी आणि ८.५ सेंटिमीटरचे पातळ पाते, एवढ्यावर हा चाकू उभा आहे. त्याला पाठीची स्प्रिंग नाहीच, पाते केवळ लाकडाच्या घर्षणाने धरलेले असते. वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. फळ किंवा पाव चिरताना याच्या पात्याला जे जमते ते जाड पात्याच्या महागड्या चाकूंना जमत नाही, कारण कापताना पात्याची धारेमागची जाडीच आडवी येते.

त्याचा एक स्वभाव आधीच सांगून ठेवतो. मूठ भिजली की लाकूड फुगते आणि पाते आत अडकून बसते. अशा वेळी नखाने ओढाताण करू नये. कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटावे, म्हणजे पाते थोडे बाहेर येते आणि बोटांना पकड मिळते. साव्वा प्रांतातले लोक हीच युक्ती वापरत आले आहेत. सांध्यात आणि चिरेत एकदा तेल चांगले मुरवले की हा त्रास बराच कमी होतो.

दुसरा हिगोनोकामी, जपानमधल्या मिकी शहरातला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पात्याला मागे निघालेली छोटी शेपटी आणि बाकी काहीही नाही. कुलूप नाही, स्प्रिंगही नाही. कापताना अंगठा आपोआप त्या शेपटीवर येतो आणि अंगठ्याचा दाबच पाते उघडे ठेवतो. जपानी शाळकरी मुले पेन्सिलीला टोक काढण्यासाठी हे चाकू वापरत असत, आणि त्या कामात आजही मला याच्या जवळ जाणारा दुसरा चाकू मिळालेला नाही.

तिसरा डूक-डूक, फ्रान्समधल्या तिएर येथे १९२९ पासून तयार होणारा. याचीही मूठ दुमडलेल्या पत्र्याचीच, तिच्यावर मेलानेशियन देवतेची आकृती उठवलेली. याला मात्र पाठीची स्प्रिंग आहे आणि ती चांगलीच कडक आहे. शर्टाच्या खिशात ठेवला तरी बाहेरून कळत नाही इतका तो चपटा आहे.

कोरडाखिसा

चाकूइतकीच तो ठेवण्याची जागा महत्त्वाची, म्हणून थोडक्यात लिहितो. पारंपरिक चाकूला खिशाला अडकवायची क्लिप नसते, त्यामुळे तो किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशाच्या तळाशी जातो आणि मुठीवर ओरखडे पडतात. चामड्याची वरून उघडी, अरुंद पिशवी घेतली की चाकू उभा राहतो, आणि त्याच पिशवीत पेन किंवा बोटभर लांबीची टॉर्च बसते. माझ्याकडे व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ८४ मिलिमीटरचा कॅडेट चाकू, एक पेन, छोटी टॉर्च आणि रुमाल एवढेच असते. स्विस चाकूला या चर्चेत कोणी धरत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. तोही स्लिपजॉइंटच, म्हणजे कुलपाऐवजी पाठीच्या स्प्रिंगने पाते धरणारा चाकू आहे, आणि कंपनीचे संस्थापक कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेल्या त्या अधिकारी-चाकूची वंशावळ पाहिली तर अनेक ‘पारंपरिक’ नमुन्यांइतकाच तो जुना आहे. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा कॅडेट लाल प्लास्टिकच्या थोरल्या भावंडांपेक्षा पुष्कळ पातळ असतो. गंजाची चिंता नाही. धार तासाभराच्या कामात जाते म्हणणाऱ्यांनी ती आधी नीट लावून पाहावी.

घडीपाते

सर्वांचे आभार. एकपाते यांचा पातळपणाचा मुद्दा पटला, आणि पात्यांची वाटणी करण्याचा तीनपाती यांचा मुद्दाही पटला, त्यामुळे निर्णय सोपा झाला असे म्हणवत नाही. दोन शंका आहेत. पहिली, स्लिपजॉइंटमध्ये कुलूप नसते, मग पाते बोटांवर मिटण्याचा धोका कितपत खरा आहे? दुसरी, माझ्या हातांना घाम फार येतो. अशा माणसाने कार्बन पोलाद घ्यावे का? आणि ते व्हिनेगरमध्ये बुडवून आधीच काळे करून घ्यावे का?

जुनापोलाद

आधी सांध्याबद्दल, कारण पुष्कळांना स्प्रिंग म्हणजे एक प्रकारचे कुलूपच वाटते. स्लिपजॉइंटमध्ये पात्याचे मूळ साधारण चौकोनी असते आणि पाठीची स्प्रिंग त्याच्या सपाट बाजूवर दाबून बसते. पाते फिरवले की मुळाचा कोपरा स्प्रिंगला वर उचलतो, कोपरा ओलांडला की स्प्रिंग पुढच्या सपाट बाजूवर खाली येते, आणि तो ‘टक’ आवाज होतो ज्यावर या छंदातले लोक तासन्‌तास बोलू शकतात. काही चाकूंत नव्वद अंशांवरही अशी एक सपाट बाजू ठेवलेली असते, म्हणजे मिटताना पाते मध्येच एकदा थांबते आणि बोटे काढून घ्यायला अवधी मिळतो. नवशिक्याने शक्य असल्यास असा मधला थांबा असलेला चाकू घ्यावा. थोडक्यात, स्प्रिंग पात्याला विरोध करते, अडवत नाही. धारेच्या दिशेने दाब देऊन कापत राहिलात तर पाते मिटण्याचे काही कारण नाही. ते मिटते तेव्हा बहुधा टोकाने भोसकण्याचा, पाते रुतवून हलवण्याचा किंवा पाठीवर आघात करण्याचा प्रयत्न झालेला असतो, आणि ही तिन्ही कामे घडीच्या चाकूची नाहीत.

आता पोलाद. पारंपरिक अमेरिकन चाकूंत पुष्कळदा आढळणारे १०९५ हे साधे कार्बन पोलाद आहे, ज्यात कार्बन सुमारे ०.९५ टक्के असतो आणि क्रोमियम जवळजवळ नसते. पोलाद ‘स्टेनलेस’ म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम लागते, आणि ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अदृश्य संरक्षक थर धरते. कार्बन पोलादाला हे कवच नसते. त्याच्या बदल्यात ते बारीक कणांचे असते, साध्या सहाणेवर लवकर धार घेते आणि धार लावताना कडेवर निघालेली लव, म्हणजे धातूचा बारीक पापुद्रा, सहज सुटते. धार टिकण्याच्या बाबतीत मात्र आजची चांगली स्टेनलेस पोलादे त्याला सहज मागे टाकतात, त्यामुळे कार्बनची धार अधिक काळ टिकते हा दावा मी करणार नाही. ज्याला स्वतः धार लावायला आवडते त्याने कार्बन घ्यावे, आणि ज्याला तो खटाटोप वाटतो त्याने निःसंकोच स्टेनलेस घ्यावे.

घामाचे म्हणाल तर घामातले मीठ हा कार्बन पोलादाचा खरा शत्रू आहे, पाण्यापेक्षाही. तरीही रोज वापरला जाणारा चाकू सहसा गंजत नाही, गंजतो तो न पुसता ओलाच ठेवून विसरलेला. वापरून झाल्यावर पाते कोरडे पुसणे आणि अधूनमधून खनिज तेलाचा एक थेंब पात्यावर व एक सांध्यात सोडणे एवढे पुरते. खाण्याचे गोडेतेल लावू नये. ते हवेत हळूहळू घट्ट आणि चिकट होते, आणि मग सांध्यात अडकलेला कचरा सुटता सुटत नाही. चामड्याच्या पिशवीत चाकू महिनोन्‌महिने ठेवून देणेही टाळावे, कारण चामडे ओलावा धरते आणि कमावताना त्यात राहिलेली द्रव्ये पात्याला व मुठीच्या आतल्या पितळी पत्र्यांच्या अस्तराला खातात. रोज आत-बाहेर होणाऱ्या चाकूला हा धोका नाही.

पाटीनाबद्दल, म्हणजे तुम्ही म्हणता त्या काळ्या थराबद्दल, माझे मत थोडे कडवे आहे. फळांतली आम्ले पोलादाला लागून जो निळसर-करडा थर धरतो तो घट्ट असतो आणि तांबड्या, भुसभुशीत गंजाला काही प्रमाणात आडवा येतो, हे खरे. व्हिनेगरने तो एका दिवसात आणता येतो, हेही खरे. परंतु व्हिनेगरमध्ये पाते जास्त वेळ राहिले तर धारच कुरतडली जाते, आणि सांध्यात शिरलेले व्हिनेगर काढणे अवघड असते. घाम फार येत असेल तर पाते बुडवण्याऐवजी व्हिनेगरात भिजवलेल्या कागदाने फक्त पात्याच्या बाजू पुसून घ्याव्यात, मग पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून तेल लावावे. नाहीतर फळे चिरत राहा. थर आपोआप येतो आणि तुमच्या कामाचा असतो.

सरळधार

निवड करण्याआधी आपल्या देशातला नियम पाहून घ्यावा, एवढेच सुचवतो, कारण येथे कुलपाचा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. उदाहरणार्थ इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ च्या कायद्यानुसार सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो घडीचा आणि कुलूप नसलेलाच चाकू, आणि त्याच्या धारेची लांबीही ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. याचा अर्थ एकपाते यांचा आवडता ओपिनेल क्रमांक ८ तेथे दोन्ही निकषांवर बाद होतो, पाते लांब आणि वर कुलपाचे कडे. ओपिनेलच्या ६ क्रमांकापासून पुढच्या आकारांनाच ते कडे असते, त्याहून लहानांना नसते. जपानमध्ये पाते ६ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर योग्य कारण नसताना चाकू सोबत बाळगणे गुन्हा ठरते. प्रवास करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, आणि विमानात चाकू नेहमी मोठ्या, जमा करण्याच्या सामानातच ठेवावा.

एकपाते

सरळधार यांची हरकत मान्य. अशा ठिकाणी मी हिगोनोकामीचा सर्वांत लहान आकार सुचवेन, मात्र पाते मोजून घ्यावे.

तीनपाती

घडीपाते, तुम्ही चाकू प्रत्यक्ष हातात घेऊन निवडणार असाल तर काय पाहावे ते सांगतो, कारण एकाच नमुन्याच्या दोन चाकूंतही फरक असतो. पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहा, मुळात डगडग नसावी. मग चाकू प्रकाशासमोर धरून स्प्रिंग आणि अस्तराचे पत्रे यांच्यामधून उजेड आरपार दिसतो का ते पाहा. चांगल्या बांधणीत तो दिसत नाही. पाते उघडे आणि मिटलेले असताना स्प्रिंगची पाठ मुठीशी समतल असावी, बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. उघडायला लागणारा जोर आपल्या नखाला झेपेल एवढाच हवा. कडक स्प्रिंगचे कौतुक करणारे बरेच आहेत, पण ज्या चाकूने नख तुटते तो वापरला जात नाही, आणि मी तर घामेजल्या हाताच्या माणसाला मुद्दाम मऊ स्प्रिंग सुचवेन.

यानंतरची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पाते मिटताना धार आत स्प्रिंगवर आपटते का ते पाहा. ती आपटू नये म्हणून पात्याच्या मुळाशी एक छोटा उंचवटा ठेवलेला असतो आणि मिटताना तोच स्प्रिंगवर टेकतो. तो उंचवटा कमी पडला तर प्रत्येक वेळी मिटताना धारेवर एकाच ठिकाणी खड्डा पडतो, आणि माणूस धार लावून लावून थकतो पण तो खड्डा परत येतोच. पाते हळू, बोटाच्या आधाराने मिटवले की हे टळते. म्हणूनच ‘टक’ आवाज ऐकण्यासाठी पाते सोडून देऊन मिटवण्याची सवय मला मान्य नाही. उलट उंचवटा जास्त असेल तर मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावते आणि खिसा फाडते.

घडीपाते

फार उपयोगी माहिती मिळाली. तूर्तास एका पात्याचा, मधला थांबा असलेला, शीपफूट पात्याचा बार्लो पाहतो आहे. मुठीच्या टोकाला लांब बोल्स्टर, म्हणजे धातूचे आवरण, असल्याने सांधा भक्कम वाटतो, आणि पाते ७ सेंटिमीटरच्या आतच आहे. पोलाद कार्बनच घेईन.

जाता जाता एक विचारतो. घरात एक जुना, दोन पात्यांचा चाकू मिळाला आहे, मूठ पिवळसर आणि शिंपल्यासारखी चमकणारी आहे, पण तिला बारीक तडे गेले आहेत आणि पितळी अस्तरावर हिरवा थर आहे. तो नव्या चाकूसोबत एकाच पेटीत ठेवला तर चालेल ना?

जुनापोलाद

मुळीच ठेवू नका. शिंपल्याचा आभास देणारी तशी मूठ बहुधा सेल्युलॉइडची असते. मूठ कापडाने जरा चोळून वास घेऊन पाहा, कापरासारखा वास आला तर शंकाच नको, कारण सेल्युलॉइड नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासूनच बनते. ते जुने होऊन विघटित होऊ लागले की त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात. तडे आणि पितळेवरचा हिरवा थर ही त्याचीच लक्षणे आहेत. हे वायू बंद पेटीत साठले तर शेजारच्या चाकूंची पातीही गंजतात, आणि तुमच्या नव्या कार्बन पात्याला तर ते आधी गाठतील. तो चाकू वेगळा, हवा खेळती राहील अशा उघड्या जागी ठेवा, उष्णतेपासून आणि ज्योतीपासून दूर, कारण सेल्युलॉइड अतिशय वेगाने पेट घेते. पाती अजून चांगली असतील तर जाणकाराकडून मूठ काढून हाडाच्या किंवा मायकार्टाच्या (राळ आणि कापडाचे थर दाबून केलेले साहित्य) पट्ट्या बसवून घेता येतील. तोवर पात्यांना तेल लावून ठेवा आणि मूठ अधूनमधून तपासत राहा.